चीफूची शाळा: आईबाबांपासून दूर, शत्रूच्या कैदेत

८ डिसेंबर १९४१ ला उत्तर चीनमधल्या चीफू बंदरात जपानी सैनिक मुख्यतः मिशनऱ्यांच्या मुलांसाठी चालवलेल्या एका इंग्रजी निवासी शाळेच्या आवारात शिरले. पर्ल हार्बरवर नुकताच हल्ला झाला होता. ब्रिटन आणि अमेरिका आता जपानचे उघड शत्रू होते, आणि शाळेतली जवळपास सगळी मुलं याच देशांची होती. मुख्याध्यापक पॅट ब्रूस यांना सैनिक घेऊन गेले आणि काही आठवडे त्यांना डांबून ठेवलं. फाटकावर पहारा बसला. इमारतींवर, सामानावर जपानी सम्राटाच्या मालकीच्या नोटिसा लागल्या. शंभरावर मुलांचे आईवडील शेकडो मैल आत, युद्धरेषेच्या पलीकडे होते. त्यांना पत्र पोचवणंसुद्धा आता नशिबावर होतं.

इथून ऑगस्ट १९४५ पर्यंत ही शाळा कैदेत राहिली आणि कैदेतही शाळा म्हणून चालू राहिली. वर्ग भरले, परीक्षा झाल्या, लहानग्यांचे वाढदिवस साजरे झाले. ही गोष्ट बहुतेक वेळा धैर्याची आणि श्रद्धेची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण मला या प्रकरणात रस आहे तो आणखी एका कारणासाठी. युद्धानं या मुलांची आईवडिलांपासून ताटातूट केली असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात ती ताटातूट साठ वर्षं आधी, विचारपूर्वक, शाळेच्या पायातच घातली गेली होती. युद्धानं तिची मुदत तेवढी वाढवली. मुलांना ज्या रचनेनं छावणीत सांभाळलं, त्याच रचनेनं त्यांना मुळात घरापासून दूर आणलं होतं. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय चीफूचा हिशेब पुरा होत नाही.

शाळा का निघाली

हडसन टेलर या इंग्रज मिशनऱ्यानं १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन स्थापन केलं. तोवरच्या बहुतेक मिशन संस्था बंदरांच्या शहरांत होत्या. टेलरला चीनच्या अंतर्भागात, जिथे परदेशी माणूस पोचलेला नाही अशा प्रांतांत माणसं पाठवायची होती. त्याच्या मिशनमध्ये ठरलेला पगार नव्हता. लोक स्वेच्छेनं देतील त्यावर काम चालायचं. मिशनरी चिनी कपडे घालत, चिनी घरांत राहत. बायकांनाही पुरुषांइतकंच मिशनरी मानलं जाई, ही त्या काळात फार वेगळी गोष्ट होती.

पण जोडपी आत गेली, मुलं झाली, आणि प्रश्न उभा राहिला. मुलांच्या शिक्षणाचं काय? इंग्लंडला पाठवायचं तर पाच-सात वर्षं तोंड दिसणार नाही. स्वतः टेलरनं हे भोगलं होतं. १८७० मध्ये त्यानं आपली मोठी मुलं इंग्लंडला धाडली. त्यांच्याबरोबर जायचा होता तो लहानगा सॅम्युएल निघण्याआधीच वारला, आणि त्याच वर्षी मुलांची आई मारियाही गेली. ज्याच्या घरात हे घडलं त्या माणसाला मुलांची शाळा चीनमध्येच असावी असं वाटलं, यात नवल नाही. दुसरं कारण कामाचं होतं. आईनं दिवसभर मुलांना शिकवायचं ठरवलं तर मिशनचा एक कार्यकर्ता कमी होणार. शाळा निघाली तर आई मोकळी.

१८७९ मध्ये आजारी टेलर हवापालटासाठी शानतुंग प्रांतातल्या चीफूला, म्हणजे आजच्या यांतायला, आला. परदेशी व्यापाराला खुलं झालेलं ते बंदर होतं. कोरडी हवा, वाळूचा किनारा, उन्हाळ्यातही सोसेल असं ऊन. मिशननं तिथे जागा घेतली, आजाऱ्यांसाठी आरोग्यभवन बांधलं आणि १८८१ मध्ये शाळा सुरू केली. पुढे मुलांची, मुलींची आणि लहान मुलांची अशा तीन शाळा एकाच आवारात उभ्या राहिल्या.

तेव्हाच्या दृष्टीनं ही तडजोड सुधारणाच होती. पाच-सात वर्षांची ताटातूट एक-दोन वर्षांवर आली.

समुद्रकाठचं आखीव जग

चीफूचं नाव लवकरच झालं. सुएझच्या पूर्वेला याहून चांगली शाळा नाही असं लोक म्हणायचे. मुलं ऑक्सफर्डच्या परीक्षांना बसत आणि चांगली उतरत. क्रिकेट, फुटबॉल, पोहणं, वल्ही मारणं सगळं होतं. पुढे 'टाइम' साप्ताहिक काढणारा हेन्री ल्यूस आणि नाटककार थॉर्न्टन वाइल्डर हे दोघेही लहानपणी काही काळ इथे शिकले. ल्यूसचे आईवडील शानतुंगमध्येच प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी होते. वाइल्डरचे वडील चीनमध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत होते.

दिवस घंटेवर चालायचा. उठणं, प्रार्थना, जेवण, वर्ग, खेळ, अभ्यास, झोप. रविवारी खेळ नाही. पत्रं लिहायची ठरलेली वेळ. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की बहुतेकांची रवानगी इथे होई. युन्नान, कान्सू, क्वैचौ अशा दूरच्या प्रांतांतून पालखी, खेचर, नदीतली होडी आणि मग आगबोट असा कित्येक आठवड्यांचा प्रवास करून मुलं पोचत. जवळच्या मुलांना हिवाळ्याच्या मोठ्या सुट्टीत घरी जाता यायचं. लांबच्यांना तेही जमत नसे, सुट्टीसुद्धा शाळेतच.

ही ये-जा किती धोक्याची होती याचा नमुना १९३५ च्या जानेवारीत दिसला. सुट्टी संपवून सुमारे ७० मुलं शांघायहून 'तुंगचौ' नावाच्या बोटीनं चीफूला निघाली होती. प्रवासी बनून चढलेल्या चाच्यांनी बोट ताब्यात घेतली, एका रशियन पहारेकऱ्याला ठार केलं, बोटीचा रंग आणि नाव बदललं आणि ती पार दक्षिणेला, हाँगकाँगजवळच्या बायस उपसागराकडे पळवली. त्यांना चांदीची मोठी रक्कम मिळेल असं वाटलं होतं. हाती लागल्या त्या सह्या न झालेल्या, म्हणून बिनकामाच्या नोटा. काही दिवसांनी 'हर्मिस' या ब्रिटिश विमानवाहू नौकेवरच्या विमानाला बोट दिसली. चाचे पळाले, मुलं सुखरूप राहिली. मुलांना पुन्हा बोटीत बसवून चीफूला पाठवण्यात आलं. व्यवस्था बदलावी असं या घटनेमुळे मिशनला वाटलं नाही.

एक गोष्ट मला राहून राहून खटकते. ही मुलं चीनमध्ये जन्मलेली. त्यांची पहिली भाषा अनेकदा आयेकडून शिकलेली चिनी. शाळेत आल्यावर मात्र चिनीला अभ्यासात जवळजवळ जागा नव्हती. भिंतीबाहेरच्या चिनी मुलांशी मैत्रीचा प्रश्नच नव्हता, आणि ज्या चिनी ख्रिस्ती कुटुंबांत यांचे आईवडील राबत होते त्यांच्या मुलांना या शाळेत प्रवेश नव्हता. आईवडील चिनी कपडे घालून चिनी खेड्यात राहणार आणि मूल इंग्लंडच्या पद्धतीनं इंग्लंडच्या परीक्षेची तयारी करणार. हेतू समजण्यासारखा होता, कारण पुढे मुलांना ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत जगायचं होतं. तरी त्यातून मुलं ज्या देशात वाढली त्या देशाला परकीच राहिली.

१९०० मध्ये परदेशी लोकांविरुद्ध झालेल्या बॉक्सर उठावात चायना इनलँड मिशनची ५८ माणसं आणि २१ मुलं मारली गेली. चीफू किनाऱ्यावर असल्यामुळे शाळा वाचली. मुलं आईबाबांजवळ असण्यापेक्षा शाळेत सुरक्षित आहेत, ही समजूत मिशनमध्ये घट्ट होण्यामागे हा अनुभव होता असं मला वाटतं.

न हललेली शाळा

फेब्रुवारी १९३८ मध्ये जपान्यांनी चीफू घेतलं. शाळा चालू राहिली. त्या वेळी ब्रिटन-अमेरिका जपानशी लढत नव्हते, त्यामुळे परदेशी आवाराला सहसा हात लागत नसे. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारनं आपल्या नागरिकांना पूर्व आशियातून परत येण्याचा सल्ला दिला. काही कुटुंबं गेली. शाळा मात्र जागची हलली नाही.

या निर्णयावर आज बोट ठेवणं सोपं आहे. पण तेव्हाचे पर्याय पाहिले पाहिजेत. आईवडील पश्चिमेला स्वतंत्र चीनमध्ये, मुलं पूर्वेला व्याप्त चीनमध्ये, मधे लढाई. शंभर-दीडशे मुलांना घेऊन रेषा ओलांडणं भयंकर होतं. युरोप आधीच युद्धात होता, समुद्रात पाणबुड्या होत्या. आणि मिशनच्या मनात १९०० होतं, १९२७ च्या यादवीत मिशनऱ्यांची झालेली पळापळ होती. दर वेळी किनारा टिकला होता. मागच्या संकटांवरून त्यांनी पुढचं संकट मोजलं, आणि या वेळी संकट समुद्राकडूनच आलं.

हडसन टेलरची पणती मेरी टेलर तेव्हा नऊ वर्षांची होती. ती, तिची बहीण आणि दोन भाऊ चीफूत होते. आईवडील शेनसी प्रांतात. पर्ल हार्बरची बातमी कळल्यावर आई खचली, आणि तिला लहानपणी एका धर्मगुरूंनी सांगितलेलं आठवलं: देवाला प्रिय असलेली कामं तू सांभाळ, तुला प्रिय आहेत ती माणसं देव सांभाळील. मेरीनं मोठेपणी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. मिशनरी आईवडिलांनी ही ताटातूट कशी सोसली याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. आपल्याला ते पटो वा न पटो, त्या माणसांनी ते मनापासून मानलं होतं.

टेम्पल हिल ते वेइश्येन

पहिलं वर्षभर मुलं आपल्याच इमारतींत नजरकैदेत राहिली. दंडावर राष्ट्रीयत्व सांगणाऱ्या पट्ट्या आल्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये जपानी आरमाराला आवार हवं झालं, आणि शाळेला गावाच्या दुसऱ्या बाजूच्या टेम्पल हिल भागात हलवण्यात आलं. शिक्षक पुढे, मुलं मागे, हातात झेपेल तेवढं सामान, तोंडानं भजनं. तिथल्या मिशन बंगल्यांत मुलं दाटीवाटीनं जमिनीवर झोपली.

सप्टेंबर १९४३ मध्ये पुन्हा हलवाहलव. बोटीच्या तळघरातून त्सिंगतावला, तिथून आगगाडीनं वेइश्येनला, म्हणजे आजच्या वेइफांगला. तिथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं जुनं आवार होतं. सुमारे २०० बाय १५० यार्डांच्या जागेत दीड हजारांच्या आसपास माणसं. भोवती भिंत, मनोरे, विजेच्या तारा. कैद्यांत बँकवाले, व्यापारी, प्राध्यापक, वादक, व्यसनी, ख्रिस्ती जोगिणी (नन), पाद्री सगळे. चार-पाचशे कॅथलिक पाद्री आणि जोगिणी ऑगस्टमध्ये पेकिंगला नेण्यात आल्या होत्या, म्हणून चीफूच्या मुलांना जागा झाली.

सप्टेंबरमध्येच वेइश्येनमधले बरेचसे अमेरिकी कैदी अदलाबदलीसाठी बाहेर पडले. ही अदलाबदल झाली ती आपल्या गोव्यात. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे मुरगाव बंदर निवडलं गेलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानी 'तेइया मारू' आणि स्वीडिश 'ग्रिप्सहोम' ही जहाजं मुरगावच्या धक्क्याला लागली, आणि दोन्ही बाजूंची साधारण दीड-दीड हजार माणसं या जहाजावरून त्या जहाजावर गेली. चीनमधले मिशनरी, व्यापारी, त्यांची बायकामुलं गोव्याच्या किनाऱ्यावर सुटली. चीफूची बहुसंख्य मुलं ब्रिटिश असल्यामुळे त्यांच्या वाट्याला हा मार्ग आला नाही.

छावणीतली शाळा

शिक्षकांनी पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की केली: शाळा चालूच आहे. मुलांच्या दृष्टीनं जागा बदलली होती, शाळा तीच होती. सगळे शिक्षक मुलांबरोबर कैदेत होते, हा या प्रकरणातला सगळ्यात निर्णायक मुद्दा आहे असं मी मानतो. मुलं एकेकटी विखुरली नाहीत. ज्या बाईंनी पहिलीत हात धरून लिहायला शिकवलं त्याच बाई रात्री कंदिलाच्या उजेडात कपड्यांच्या शिवणीतले ढेकूण काढायला शेजारी बसल्या होत्या.

वर्ग झोपायच्या खोलीतच भरत. पत्र्याच्या ट्रंका म्हणजे बाकं, ट्रंका म्हणजे टेबलं, ट्रंका म्हणजे पलंग. वह्या संपल्या की लिहिलेलं खोडून त्यावरच पुन्हा. ऑक्सफर्डच्या परीक्षा शिक्षकांनी स्वतः प्रश्नपत्रिका काढून घेतल्या, उत्तरपत्रिका जपून ठेवल्या, आणि युद्धानंतर त्या ऑक्सफर्डला पाठवून मुलांना प्रमाणपत्रं मिळवून दिली. छावणीत उपाशी बसून लॅटिनची रूपं पाठ करणं कुणाला वेडेपणा वाटेल. मला तो त्या शिक्षकांच्या शहाणपणाचा कळस वाटतो. परीक्षा आहे म्हणजे परीक्षेनंतरचं आयुष्य आहे, हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

जेवणाची शिस्तही सुटली नाही. ताटात ज्वारीची पेज किंवा वांग्याचा लगदा असला तरी ताठ बसायचं, तोंड मिटून खायचं, ताटावर ओढून घ्यायचं नाही. राजवाड्यातल्या राजकन्यांना एक रीत आणि वेइश्येनच्या कैद्यांना दुसरी असं काही नसतं, अशी शिक्षिकांची समजावणी होती. गर्ल गाइड, ब्राउनी (लहान मुलींचं गाइड पथक), स्काउट पथकं चालू राहिली. कोळशाच्या भुकटीत माती कालवून गोळे करणं, पाणी उपसणं, भाज्या निवडणं ही मुलांची कामं होती आणि ती खेळासारखी वाटून दिलेली. माश्या आणि उंदीर मारण्याच्या स्पर्धा लागत. रोज हजेरी व्हायची, आणि मुलं जपानी आकड्यांत ओळीनं स्वतःला मोजायला शिकली.

अन्न कमीच पडे. मुलांची हाडं आणि दात नीट वाढावेत म्हणून डॉक्टरांनी चोरून आलेल्या अंड्यांची टरफलं वाळवून कुटायला सांगितली. ती पूड चमच्यानं मुलांच्या तोंडात घालत. घशात वाळू गेल्यासारखं व्हायचं, मुलं ठसकायची, पण रोज खावी लागे. ही अंडी यायची भिंतीपलीकडच्या चिनी शेतकऱ्यांकडून. पॅट्रिक स्कॅनलन नावाचे ट्रॅपिस्ट या कॅथलिक संघाचे एक ऑस्ट्रेलियन पाद्री भिंतीतल्या भोकातून अंड्यांचा मोठा व्यवहार चालवत. ते पकडले गेले, त्यांना एकांत कोठडी झाली, आणि तिथे ते रात्री मोठ्यानं लॅटिन प्रार्थना म्हणत राहिले. या व्यवहारात भिंतीबाहेरच्या शेतकऱ्यांचा जीव धोक्यात होता. मुलांच्या आठवणींमध्ये त्यांना नावं नाहीत.

एरिक लिडेल याच छावणीत होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर ४७.६ सेकंदांत धावून सुवर्णपदक मिळवणारा, रविवारी धावायला नकार देणारा हा स्कॉटिश धावपटू मिशनरी म्हणून तियांत्सिनला काम करत होता. गरोदर पत्नी आणि दोन मुलींना त्यानं १९४१ मध्ये कॅनडाला पाठवलं होतं. तिसरी मुलगी त्यानं कधी पाहिलीच नाही. छावणीत तो मुलांना विज्ञान आणि गणित शिकवी, खेळ घेई, मोडलेल्या हॉकी स्टिका आपल्या चादरीच्या पट्ट्यांनी बांधून देई. रविवारी खेळ नको असं तो स्वतः मानायचा. पण पोरं पंचाविना खेळून भांडायला लागली तेव्हा पुढच्या रविवारी तोच पंच म्हणून मैदानात उतरला. मुलं त्याला एरिककाका म्हणत. २१ फेब्रुवारी १९४५ ला मेंदूतल्या गाठीनं तो छावणीतच वारला. आपल्या मुली हजारो मैल दूर असलेला बाप आणि आपले बाप हजारो मैल दूर असलेली मुलं एकमेकांना तिथे भेटली होती.

सगळंच उजळ नव्हतं. जून १९४४ मध्ये लॉरन्स टिप्टन आणि आर्थर हमेल हे दोन कैदी भिंत ओलांडून पळाले आणि चिनी गनिमांना जाऊन मिळाले. हमेल पुढे चीनमध्ये अमेरिकेचा राजदूत झाला. त्यानंतर हजेऱ्या कडक आणि लांब झाल्या. त्याच उन्हाळ्यात हजेरीला उभं असताना खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारेला हात लागून चीफूचा एक थोरला मुलगा सगळ्यांसमोर मेला. जानेवारी १९४५ मध्ये गाढवांच्या गाड्यांवरून अमेरिकन रेडक्रॉसची दीड हजारांवर पार्सलं आली, म्हणजे प्रत्येकाला निदान एक. छावणीत तेव्हा अमेरिकी जेमतेम दोनशे. त्यांतल्या काहींनी सगळी पार्सलं आमचीच म्हणून वाद घातला. कित्येक दिवस पार्सलं पडून राहिली आणि भुकेली मुलं बघत राहिली. शेवटी वरून हुकूम आला की प्रत्येकी एक द्या.

सुटका आणि भेट

१७ ऑगस्ट १९४५ ला एक अमेरिकी बी-२४ विमान छावणीवर घिरट्या घालू लागलं आणि त्यातून सात छत्रीधारी उतरले. मेजर स्टॅन्ली स्टायगर त्यांचे प्रमुख. कैद्यांनी फाटक ढकलून शेतात धाव घेतली. पहारेकऱ्यांनी गोळी झाडली नाही. त्या सातांतले जेम्स मूर हे चीफूचे माजी विद्यार्थी होते. आपली शाळा कैदेत आहे हे कळल्यावर ते या मोहिमेपर्यंत पोचले होते.

सप्टेंबरमध्ये टेलर भावंडांना विमानानं सीआनला आणि तिथून पुढे आईवडिलांकडे नेण्यात आलं. साडेपाच वर्षांनी भेट झाली. इतर कुटुंबांची भेट आणखी उशिरा, कुणाची लंडनमध्ये, कुणाची ऑस्ट्रेलियात. सहा वर्षांचं सोडलेलं मूल बारा वर्षांचं होऊन समोर आलं. काही आयांनी आपली मुलं ओळखली नाहीत, काही मुलांनी आईला अनोळखी बाईंशी बोलावं तसं अदबीनं उत्तर दिलं. या भागाबद्दल आठवणींच्या पुस्तकांत फार थोडं लिहिलेलं असतं. छावणीवर प्रकरणं आणि भेटीवर एक पान. माझ्या मते खरी परीक्षा तिथून सुरू होत होती, आणि त्या परीक्षेला शाळेनं कुणालाच तयार केलेलं नव्हतं.

या प्रकरणाकडे कसं बघावं

मुलांना कशानं तारलं याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ओळखीची मोठी माणसं सतत बरोबर होती. दिवसाचा क्रम ठरलेला होता. प्रत्येक मुलाच्या हाताला काम होतं. भजनं आणि वचनं पाठ होती, आणि ती भीतीच्या क्षणी आपोआप ओठांवर यायची. मेरी टेलर पुढे मेरी प्रीव्हिट झाली, न्यू जर्सीत अडचणीतल्या किशोरांच्या सुधारगृहाची प्रमुख झाली, राज्याच्या विधानसभेत निवडून गेली. तिथल्या मुलांना सांभाळताना आपण वेइश्येनच्या शिक्षकांची रीतच वापरली असं ती सांगे: घडी मोडायची नाही, सकाळ रोज सारखीच उगवली पाहिजे.

पण यावरून निवासी शाळेची पद्धतच योग्य होती असा निष्कर्ष काढणं मला मान्य नाही. बुडत्या बोटीत नावाडी चांगला निघाला म्हणून मुलांना बोटीत बसवणंच बरोबर होतं असं ठरत नाही. वेइश्येन ही जपानी छावण्यांमधली तुलनेनं सौम्य छावणी होती. सुमात्रा-जावातल्या छावण्यांत जे झालं ते इथे झालं नाही. शिवाय आठवणी लिहिल्या त्या बहुतेक कित्येक दशकांनी, आणि ज्यांना सांगावंसं वाटलं त्यांनी. चीफूच्या माजी विद्यार्थ्यांत शाळेवर जीव टाकणारे पुष्कळ आहेत. लहानपणी रडणं गिळायला शिकलो आणि मग आयुष्यभर ते सुटलं नाही असं म्हणणारेही आहेत. सहा वर्षांच्या मुलानं घरची आठवण काढणं म्हणजे देवाच्या कामात कुरकुर, अशी भावना नकळत मुलांच्या मनात रुजायची. राग धरायचा कुणावर? आईवर धरता येत नाही, कारण ती देवाचं काम करते. ही कोंडी छावणीतली नव्हती. ती १८८१ पासूनची होती.

आशियातल्या इतर मिशन शाळांतही थोड्याफार फरकानं हेच चित्र होतं. अहमदनगर भागातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या कुटुंबांतली मुलं कोडाईकनालच्या १९०१ मध्ये निघालेल्या शाळेत जात. तिथे निदान एक सोय होती: उन्हाळ्यात आईवडीलच डोंगरावर राहायला येत आणि मुलं काही आठवडे घरून शाळेत जात. चीनमधली अंतरं पाहता चीफूला हे जमणं कठीण होतं. तरी या एका फरकानं मुलांच्या आठवणी किती बदलतात हे दोन्हीकडच्या माणसांचं बोलणं वाचलं की जाणवतं.

चीफूनंतरचं चीफू

युद्धानंतर जुन्या जागी परतणं शक्य नव्हतं. शाळा आधी शांघायला आणि मग च्यांगशी प्रांतातल्या कुलिंग या डोंगरावरच्या गावी भरली. १९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्ता आली, मिशननं चीन सोडायचं ठरवलं, आणि १९५१ मध्ये कुलिंगहून शेवटची मुलं बाहेर पडली. या वेळी मिशननं वाट पाहिली नाही, पण मुलांना बाहेर काढायला परवाने मिळेपर्यंत पुन्हा तोच घोर लागला होता.

मिशन आग्नेय आशियात पसरलं, पुढे त्याचं नाव ओव्हरसीज मिशनरी फेलोशिप झालं, आणि मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) कॅमेरॉन हायलँड्सच्या चहामळ्यांच्या डोंगरांत चीफू नावाचीच नवी शाळा उभी राहिली. जपान आणि फिलिपाइन्समध्येही लहान शाखा निघाल्या. मलायात तेव्हा कम्युनिस्ट बंडखोरी चालू होती, आणि मुलांच्या मोटारी लष्करी ताफ्याच्या संरक्षणात डोंगर चढत. मात्र ही शाळा पूर्वीपेक्षा बरीच लहान होती. इथे फक्त प्राथमिक वयाची मुलं. वर्ग छोटे. मुलं वर्षातून अधिक वेळा घरी जात, आईवडील भेटायला येत.

१९६५ मध्ये मिशननं आशियाई सभासदांना पूर्ण सभासदत्व दिलं. सिंगापूर, कोरिया, जपान, फिलिपाइन्समधून मिशनरी येऊ लागले. इंग्रजी अभ्यासक्रमाची शाळा कोरियन आईबापाला कशी पुरणार? मुलाला कोरियात विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं असेल तर डोंगरावरचं ब्रिटिश शिक्षण त्याच्या वाटेत अडचण ठरतं. त्यातच बँकॉक, मनिला, पेनांगसारख्या शहरांत आंतरराष्ट्रीय शाळा निघाल्या, विमानप्रवास स्वस्त झाला, घरी शिकवण्याची पुस्तकं आणि पद्धती मिळू लागल्या. आणि तरुण जोडप्यांचं मनही बदललं होतं. मुलाला जवळ ठेवून जेवढं काम होईल तेवढं करू, असं ती मिशनला उघडपणे सांगू लागली. पूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर त्याच्या समर्पणाविषयी शंका घेतली गेली असती.

मुलांची संख्या घटत गेली, आणि २००१ मध्ये कॅमेरॉन हायलँड्सची चीफू शाळा बंद झाली.